घटस्फोट झाला तरी आय-८६४ची जबाबदारी सुटत नाही

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: बायकोला किंवा नवऱ्याला ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सर केलं आणि पुढे घटस्फोट झाला, की स्पॉन्सर मोकळा. हे साफ चूक आहे.

आय-८६४ म्हणजे ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सरनं भरून द्यायचं आधाराचं हमीपत्र. या फॉर्मवर सही करणं म्हणजे सरकारशी केलेला करार. समोरच्याला केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के उत्पन्नापर्यंत आधार देण्याची हमी त्यात असते. ती व्यक्ती नागरिक झाली, तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या (साधारण १० वर्षं) जमा झाल्या, ग्रीन कार्ड सोडून ती कायमची परतली किंवा दोघांपैकी कुणाचा मृत्यू झाला, की हमी संपते. घटस्फोटानं संपत नाही. अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयानं (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयानं) तर २०१६ साली स्पष्ट सांगितलं, की लग्नाआधी पोटगी नाकारणारा करार केला असला तरी ही हमी उरतेच.

लग्न करून तिकडे गेलेल्या, हाताला काम नसलेल्या मुलीला हे कुणीतरी सांगायलाच हवं. भरलेल्या फॉर्मची प्रत तिनं स्वतःजवळ ठेवावी. स्पॉन्सरनं पैसे दिले नाहीत तर ती कोर्टात जाऊ शकते.

जावयाचा पगार कमी पडतो म्हणून जॉइंट स्पॉन्सर (जोडीला हमी देणारे) होणाऱ्या मामा-काकांवरही हाच भार येतो. आणि काल स्वतः जोडीदार म्हणून आलेली व्यक्ती उद्या नागरिक होऊन आईवडिलांना बोलावते, तेव्हा तिलाही हीच सही करावी लागते.