नजर देत नाही म्हणजे ऐकत नाही? खुलासा

"स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल नजरेला नजर देत नाही, म्हणजे त्याचं लक्ष नाही, हनुवटी धरून बघायला लावा," हा सल्ला मराठवाड्यातल्या शाळांत अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. अनेक स्वमग्न मुलांना नजर भिडवणं त्रासाचं असतं. सगळी ताकद त्यातच गेली, तर कानावर पडलेलं डोक्यात उतरत नाही. खिडकीकडे बघत बसलेलं लेकरू पाढा बरोबर म्हणू शकतं.

समोर उभं राहू नका, शेजारी बसा. आधी नाव घ्या, मग एकच सूचना द्या: "वही काढ." ८-१० सेकंद गप्प थांबा. उत्तर यायच्या आत तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली, की त्याला पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं. बहुतेकदा इथेच बिघडतं. तरी जमलं नाही, तर वहीचं चित्र दाखवा. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की तोंडी सांगणं सोडा, फळ्यावर लिहा. (हाकेला कधीच प्रतिसाद नसेल, तर कानांची तपासणी मात्र कराच.)

आठवी-नववीतही हेच. तिथे तर खाली मान घालणाऱ्याला उद्धट ठरवतात, हा सरळ अन्याय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेला त्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.