ताकदीची गोळी ठोके सुरळीत करते का?

‘डिगॉक्सिनने हृदयाला ताकद येते, म्हणजे बिघडलेले ठोकेही सुरळीत होतात,’ असा समज बऱ्याच घरांत आहे. तसं वाटणं स्वाभाविकच, कारण गोळीने धडधड खरंच कमी होते. पण एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे थरथरून ठोके अनियमित होतात त्या आजारात, ती गोळी वरच्या कप्प्यांतून खाली जाणारे संदेश अडवून फक्त वेग उतरवते, अनियमितपणा राहतोच. ईसीजीत पाहा, उंच टोकांमधलं अंतर अजून कमी-जास्त दिसेल. उलट मूत्रपिंड मंदावून औषध अंगात साठलं किंवा लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरलं, तर हेच औषध ठोके बिघडवू शकतं. मळमळ होऊ लागली, सगळं पिवळसर दिसू लागलं, तर गोळी मनाने कमी-जास्त न करता लगेच डॉक्टरांना गाठा. रक्तातली डिगॉक्सिनची पातळी मोजता येते. नमुना मात्र शेवटच्या गोळीनंतर किमान ६ तासांनी घ्यावा लागतो.