फर्नांडा मॉन्टेनेग्रो

(१६ ऑक्टोबर १९२९). ब्राझीलच्या रंगभूमीवरील आणि दूरचित्रवाणीवरील थोर अभिनेत्री. जन्म रिओ दि जानेरो येथे. मूळ नाव आर्लेट. वाढत्या वयातच त्या रेडिओवर काम करू लागल्या आणि तिथेच त्यांनी ‘फर्नांडा मॉन्टेनेग्रो’ हे नाव घेतले. १९५० मध्ये त्या रंगमंचावर आल्या. पुढच्याच वर्षी रिओमध्ये टुपी वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिने करारबद्ध केलेल्या त्या पहिल्या अभिनेत्री होत्या.

त्या काळी ध्वनिचित्रमुद्रणाची सोय नव्हती. जगातली गाजलेली नाटके स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत. आठवडाभरात नवी संहिता पाठ करायची, एकदाच सादर करायची आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या नाटकाला लागायचे, असा रिवाज होता. मॉन्टेनेग्रो यांनी अशी शंभराहून अधिक नाटके केली. त्यांची खरी तालीम इथेच झाली, असे म्हणायला हवे.

पती व दिग्दर्शक फर्नांडो टोरेस, सर्जिओ ब्रिटो, इटालो रॉसी आणि इटलीहून आलेले नेपथ्यकार-दिग्दर्शक जान्नी रात्तो यांच्यासह त्यांनी १९५९ मध्ये ‘तेआत्रो दोस सेते’ ही नाट्यसंस्था काढली. नाटककार नेल्सन रॉड्रिग्ज यांच्या मागे लागून त्यांनी नवे नाटक लिहवून घेतले. मरणाऱ्या माणसाने मागितलेले चुंबन एक वाटसरू देतो आणि त्यावरून वृत्तपत्र व पोलीस मिळून त्याचे आयुष्य उद्ध्वस्त करतात, असे कथानक असलेले हे नाटक या संस्थेने १९६१ मध्ये रंगमंचावर आणले.

लष्करी राजवटीत या दांपत्याला मोठी झळ बसली. शिकू बुआर्की आणि रुय गेरा यांच्या ‘कालाबार’ या नाटकाची निर्मिती त्यांनी हाती घेतली होती. १९७३ मध्ये नाटक उभे राहिले आणि ऐन वेळी सरकारने त्यावर बंदी घातली. घातलेला पैसा बुडाला. तरीही दोघांनी नाटक सोडले नाही. लोकशाही परतल्यावर, १९८५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष सार्ने यांनी देऊ केलेले संस्कृतिमंत्रिपद मॉन्टेनेग्रो यांनी नाकारले आणि त्या रंगमंचावरच राहिल्या.

घराघरांत त्या पोहोचल्या त्या ग्लोबो वाहिनीच्या दैनंदिन मालिकांमुळे. ‘गेरा दोस सेक्सोस’ (१९८३) या मालिकेत एकाच वाड्यात राहावे लागलेली दोन हट्टी चुलत भावंडे न्याहारीच्या टेबलावर भांडतात. शब्द संपतात तशी पाव, मलई, कॉफी, हाताला लागेल ते एकमेकांच्या अंगावर उडते. समोर पाउलो ऑट्रान होते, रंगभूमीवरचे तितकेच मातब्बर नट. हा प्रवेश ब्राझीलमध्ये आजही आवडीने पाहिला जातो. मुरलेल्या नटांनी विनोदही किती गांभीर्याने करावा, हे त्यात दिसते. ‘बेलिसिमा’ (२००५) मधली त्यांची खलनायिका बिया फाल्काओ हीदेखील अशीच गाजली.

देशाबाहेर मात्र त्यांची ओळख ‘सेंट्रल स्टेशन’ (१९९८) या चित्रपटामुळे झाली. रिओच्या रेल्वे स्थानकावर निरक्षर प्रवाशांची पत्रे लिहून देणारी आणि त्यातली बरीचशी टपालात न टाकणारी डोरा त्यांनी कसलीही सहानुभूती न मागता उभी केली. बर्लिन महोत्सवात त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तसेच ऑस्करसाठी नामांकनही लाभले. हे नामांकन मिळवणाऱ्या त्या पहिल्या ब्राझिलियन अभिनेत्री. त्यांची कन्या फर्नांडा टोरेस हिला २०२५ मध्ये ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’ या चित्रपटासाठी तोच मान मिळाला. त्या चित्रपटात नायिकेचे वार्धक्य आईनेच साकारले आहे.

‘दोसे दे माये’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी २०१३ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ब्राझिलियन साहित्य अकादमीवर त्यांची निवड झाली. फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हार यांच्या लेखनाचे त्या अनेक वर्षे एकपात्री सादरीकरण करत आल्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, साओ पाउलोच्या इबिरापुएरा उद्यानात त्यांनी ते वाचले, तेव्हा हजारो लोक ऐकायला जमले होते.