आशियाई चवींचा घरगुती बर्गर

सोया सॉस, मिसो (सोयाबीन आंबवून केलेले जपानी वाटण), आले, गवती चहा, तीळ, किमची (आंबवलेल्या कोबीचे तिखट कोरियन लोणचे) अशा पूर्व व आग्नेय आशियातील घटकांनी चव दिलेला आणि विकतच्या बर्गरपेक्षा चरबी, साखर व मीठ बेताचे ठेवून घरी केलेला बर्गर.

बर्गरचे नाव जर्मनीतील हॅम्बर्ग शहरावरून आले असले, तरी आशियात त्याला स्वतःचे वळण लागून बराच काळ झाला. १९७२ मध्ये सुरू झालेल्या मॉस बर्गर या जपानी उपाहारगृह-साखळीने पुढच्याच वर्षी तेरियाकी (सोया सॉस व साखरेचा गोडसर लेप लावलेला) बर्गर विक्रीस आणला. त्याआधीपासून जपानी घरांत ‘हाम्बागु’ हा पावाशिवाय, भाताबरोबर खाण्याचा टिक्कीचा प्रकार रुळलेला होता. त्याच्या घरगुती कृतींमध्ये खिम्यात टोफू (सोयाबीनच्या दुधाचे पनीर) मिसळण्याची पद्धतही आढळते.

बर्गरच्या गोमांस-खिम्यात साधारण २० टक्के चरबी असते आणि टिक्कीचा रसरशीतपणा बराचसा तिच्यावर अवलंबून असतो. त्याऐवजी कोंबडीच्या छातीचा किंवा कमी चरबीचा खिमा घेतला, की टिक्की कोरडी व चवीला फिकी होते. फिकेपणावर उतारा उमामीचा, म्हणजे मांसाच्या रश्शासारख्या भरीव चवीचा. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोम्बू या समुद्रशैवालातून वेगळी केलेली ही चव ग्लुटामेटमुळे येते. सोया सॉस व मिसोमध्ये ते भरपूर असते, तर सुकवलेल्या शिताके अळंबीतील ग्वानिलेट या घटकामुळे त्याची चव अधिक तीव्र जाणवते. कोरडेपणा घालवण्यासाठी ५०० ग्रॅम खिम्यात सुमारे १५० ग्रॅम बारीक चिरलेली अळंबी किंवा वजनाखाली दाबून पाणी काढलेला टोफू घालता येतो. अळंबी मात्र आधी परतून तिचे पाणी पूर्ण आटवावे लागते. नाहीतर ते पाणी तव्यावर सुटून टिक्की फुटते.

या बर्गरमधील खरी अडचण मिठाची असून ती सहज नजरेआड होते. एक मोठा चमचा (१५ मिलि.) नेहमीच्या सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाचे दिवसाचे सोडियम २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. एवढा सॉस चार टिक्क्यांत विभागला, तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे २२५ मिलिग्रॅम येते, ते चालण्यासारखे आहे. पण पाव, किमची आणि गोचुजांग (मिरचीचे आंबवलेले कोरियन वाटण) यांतले मीठ त्यात मिळवले, की चरबी कमी करून साधलेले बरेचसे वाया जाते. म्हणून खारटपणाची उणीव तांदळाचे व्हिनेगर, लिंबाचा रस, आले आणि कांद्याची पात यांनी भरून काढणे श्रेयस्कर.

मीठ खिम्यात केव्हा मिसळावे, याबाबत दोन परंपरा परस्परविरुद्ध आहेत. मिठाने मांसातील मायोसिन हे प्रथिन विरघळून मिश्रण चिकट होते आणि शिजल्यावर सॉसेजसारखे घट्ट बसते. म्हणून पाश्चात्त्य पद्धतीत टिक्की थापून झाल्यावरच वरून मीठ लावतात. हाम्बागु मात्र मीठ घालून मुद्दाम चिकट होईपर्यंत मळतात. टोफू किंवा अळंबी घातलेल्या विसविशीत मिश्रणाला हीच दुसरी रीत अधिक मानवते. कच्च्या आल्याचा रस घातल्यास मिश्रण फार वेळ ठेवू नये, कारण त्यातील विकर (एन्झाइम) मांसाची प्रथिने तोडते आणि टिक्की लिबलिबीत होते.

टिक्की दीड ते दोन सेंटिमीटर जाड थापून मध्यभागी अंगठ्याने खळगा करतात. त्यामुळे ती भाजताना मधोमध फुगत नाही. खिमा करताना मांसाच्या पृष्ठभागावरील जिवाणू आतपर्यंत मिसळतात, त्यामुळे टिक्कीच्या गाभ्याचे तापमान गोमांसासाठी ७१° से. आणि कोंबडीसाठी ७४° से. व्हावे लागते. तेरियाकीसारखा साखरेचा लेप शेवटच्या मिनिटाला लावतात. आधी लावला तर आत कच्चे असतानाच बाहेर करपते. भाजलेल्या तिळाचे तेलही तळणीसाठी नव्हे, तर शेवटी वासापुरते वापरतात.

शाकाहारी टिक्कीसाठी डाळी व काबुली चण्यांखेरीज टेंपे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली इंडोनेशियन वडी, उपयोगी पडते. मेयोनेजऐवजी चक्क्यात थोडे गोचुजांग कालवतात आणि व्हिनेगरात मुरवलेली काकडी, गाजर व मुळा वर घालतात. पाव गव्हाच्या पूर्ण पिठाचा घेतात किंवा तो वगळून लेट्यूसच्या पानात टिक्की गुंडाळतात. दाबून भाजलेल्या भाताच्या चकत्यांमध्ये सारण घालण्याचा राइस बर्गर हा प्रकारही आकर्षक आहे; पांढऱ्या भातामुळे तो पावाच्या बर्गरपेक्षा हलका ठरतो, असे मात्र नाही.