अदृश्य शाई नव्हे, सरकवलेल्या रेषा

ओळखपत्रावरील गुप्त प्रतिमा न दिसणाऱ्या शाईने छापलेली असते आणि अतिनील दिव्याखाली काही चमकले की ओळखपत्र खरे, ही जुनी समजूत अपुरी तर आहेच, पण तपासणाऱ्याला फसवणारीही आहे. साधा पांढरा कागददेखील त्यातील उजळक द्रव्यांमुळे अतिनील प्रकाशात निळसर चमकतो; म्हणूनच सुरक्षा कागद सहसा या द्रव्यांशिवाय बनवतात.

गुप्त प्रतिमेचा एक महत्त्वाचा प्रकार तर डोळ्यांना दिसणाऱ्या नेहमीच्या शाईनेच छापला जातो. पार्श्वभूमीवर समांतर बारीक रेषा असतात आणि संगणकावर प्रक्रिया करताना, जेथे अक्षर किंवा आकृती दडवायची असते तेथे, त्या रेषा दोन रेषांमधील अंतराच्या काही अंशाने सरकवल्या जातात. नुसत्या डोळ्यांना ती एकसारखी छटा वाटते. मात्र त्याच अंतराच्या दंडाकार भिंगांचे पारदर्शक पटल योग्य कोनात ठेवले की प्रतिमा उमटते. या तंत्राचे खरे बळ मला पुढच्या गोष्टीत दिसते: धारकाचे नाव किंवा जन्मतारीख त्याच्याच छायाचित्रात गुंफता येते, त्यामुळे छायाचित्र बदलल्यास दडलेला मजकूर नाहीसा होतो किंवा जुळत नाही. साध्या छायाप्रतीत हे सूक्ष्म सरकणे बहुधा टिकत नाही.