वल्हालातला रॅग्नारॉक आणि रॅग्नारॉकातला वल्हाला

एकाचं नाव ‘असॅसिन्स क्रीड वल्हाला: डॉन ऑफ रॅग्नारॉक’. दुसऱ्याचं ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक: वल्हाला’. अशी नावं ठेवणाऱ्यांना नावं ठेवावीत तेवढी थोडीच. दोन्ही एक्स्पान्शन, म्हणजे मूळ व्हिडिओ गेम बाजारात आल्यावर मागाहून जोडलेले भाग. दोन्ही नॉर्स पुराणकथांवर बेतलेले. दोन्हींत कुऱ्हाडी चालतात, रक्त सांडतं, आणि मूळ गेमना अमेरिकेत 17 वर्षांपुढच्यांसाठीचं ‘एम’ तर युरोपात 18चं रेटिंग आहे. त्यात भर म्हणजे पहिल्याच्या निर्मात्या युबीसॉफ्टनं मूळ गेम आणि एक्स्पान्शन एकत्र विकायला काढले, त्या पॅकचं नाव ‘वल्हाला रॅग्नारॉक एडिशन’. स्टोअरमध्ये यातला कुठलाही एक शब्द टाकला की दोन्ही घराणी समोर येतात.

मुळात वल्हाला म्हणजे ओडिनचा दरबार. रणात पडलेल्या निवडक वीरांना तिथे जागा मिळते. रॅग्नारॉक म्हणजे देवांचा शेवट: सुर्त नावाचा अग्निराक्षस धगधगती तलवार घेऊन येतो आणि जग जाळतो. तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसननं या कथा लिहून ठेवल्या, म्हणून आज त्या सलग वाचता येतात. गंमत अशी, की ‘डॉन ऑफ रॅग्नारॉक’मध्ये तुम्ही वल्हालात जात नाही आणि गॉड ऑफ वॉरच्या ‘वल्हाला’त रॅग्नारॉक होऊन गेलेला असतो.

आधी युबीसॉफ्टचा. मूळ ‘असॅसिन्स क्रीड वल्हाला’ नोव्हेंबर 2020चा. त्यात एवोर ही व्हायकिंग व्यक्तिरेखा नॉर्वेतून इंग्लंडला येऊन वस्ती वसवते. या वस्तीतल्या वाल्का नावाच्या द्रष्टीच्या मदतीनं एवोरला दृष्टान्त होतात आणि त्या दृष्टान्तांत आपण ‘हावी’ असतो. हावी म्हणजे खुद्द ओडिन. ‘डॉन ऑफ रॅग्नारॉक’ 10 मार्च 2022ला आला आणि तो याच दृष्टान्तांचा पुढचा, सगळ्यात मोठा तुकडा. सुर्तनं ओडिनच्या मुलाला, बाल्डरला, पळवलंय. त्याला शोधायला हावी स्वार्टाल्फहाइम या बुटक्यांच्या राज्यात उतरतो, तर तिथे अग्निराक्षस आणि हिमराक्षस हातमिळवणी करून बसलेले. बुटके जीव मुठीत धरून गुप्त आसऱ्यांत दडलेत.

नकाशा देखणा आहे. सोन्यानं मढलेले डोंगर आणि त्यांच्या मधून वाहणारा लाव्हा बघत नुसतं भटकावंसं वाटतं. पण खरी मजा हावीच्या हातातल्या ‘ह्यूगर-रिप’ या कड्यात आहे. मारलेल्या शत्रूच्या देहातून त्याची शक्ती या कड्यात ओढून घ्यायची. अग्निराक्षसाची घेतली की लाव्ह्यावरून चालता येतं, शिवाय अंगाला त्यांचंच रूप येतं, त्यामुळे पहारेकऱ्यांच्या समोरून शांतपणे निघून जाता येतं. एका शक्तीनं कावळा होऊन तटावरून उडता येतं, दुसरीनं मेलेल्या शत्रूंना उठवून आपल्या बाजूनं लढवता येतं. मात्र कड्यात एका वेळी दोनच शक्ती मावतात. तिसरी हवी तर आधीची एक सोडायची. ही निवड करताना प्रत्येक किल्ल्यासमोर थोडा विचार करावा लागतो. बाकी छावण्या साफ करा, पेट्या उघडा, सामान गोळा करा, हे मूळ गेमसारखंच. त्याचा कंटाळा ज्यांना इंग्लंडमध्येच आला, त्यांना इथेही येणार.

आता सांता मोनिका स्टुडिओचा. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ नोव्हेंबर 2022चा, त्याचं ‘वल्हाला’ 12 डिसेंबर 2023ला आलं. आधी फारशी जाहिरात नाही. गेम अवॉर्ड्सच्या कार्यक्रमात घोषणा झाली आणि पुढच्याच आठवड्यात डाउनलोडला हजर, तेही फुकट.

मूळ गोष्ट संपल्यावर मालिकेच्या नायकाला, मूळच्या ग्रीक युद्धदेव क्रेटॉसला, एक निमंत्रण येतं. कमरेला मीमिर या सोबत्याचं बोलतं मुंडकं लटकवून तो होडीतून वल्हालाच्या किनाऱ्याला लागतो. दारातून आत गेलं की कमावलेलं सामर्थ्य गळून पडतं आणि खेळाची जातच बदलते. याला रोगलाइट म्हणतात. एकामागून एक खोल्या, प्रत्येक खोलीत मारामारी, ती जिंकली की पुढच्या दारापाशी काय बक्षीस हवं ते निवडायचं. मेलात की पुन्हा किनाऱ्यावर. सापशिडीतल्यासारखे खाली आलात तरी काही गोष्टी गाठीला राहतात आणि त्यांवर क्रेटॉसची ताकद, बचाव वगैरे कायमचं वाढवता येतं. म्हणून विसाव्या खोलीत मेल्यावरही हात आपोआप पुन्हा दाराकडे जातो.

पण हे ‘वल्हाला’ लक्षात राहतं ते दुसऱ्याच कारणानं. (ज्यांना काहीच आधी कळायला नको, त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) या दरबारात समोर उभा राहतो क्रेटॉसचा स्वतःचा भूतकाळ. ग्रीसमधली जुनी ठिकाणं, जुने शत्रू. 2010च्या ‘गॉड ऑफ वॉर 3’मध्ये त्यानं सूर्यदेव हेलिओसचं मुंडकं हातानं उपटून कंदिलासारखं वापरलं होतं. तेव्हा ते खेळणाऱ्यांना त्यात थरार वाटला होता. इथे तो हेलिओस बोलतो, टोमणे मारतो, आणि क्रेटॉसला ऐकून घ्यावं लागतं. क्रेटॉसच्या वाटेत टूरही येतो, नॉर्स युद्धदेव. एका युद्धदेवानं दुसऱ्याशी लढता लढता बोलत राहावं, ही कल्पना मला पूर्ण मालिकेतल्या उत्तम कल्पनांपैकी वाटते.

पात्रांची अदलाबदल तर भलतीच. असॅसिन्स क्रीडमध्ये ओडिन तुम्ही स्वतः. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकमध्ये तोच खलनायक, आणि तोही गोडबोल्या. तिकडे बाल्डर वाचवायचा मुलगा, तर 2018च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये त्याला क्रेटॉसनं मारलेलं. तिकडे सुर्त आणि त्याची बायको सिनमारा शत्रू, इकडे सिनमारावर जीव असलेला सुर्त जवळजवळ कनवाळू म्हणावा असा. एक खेळून लगेच दुसऱ्याला हात घातला तर पहिले काही तास डोकं चक्रावतं.

व्यवहाराचं बोलायचं तर ‘डॉन ऑफ रॅग्नारॉक’ची मूळ किंमत 39.99 डॉलर, सीझन पास (पुढचे भाग एकदम आगाऊ घ्यायची सोय) घेतलेल्यांनाही तो वेगळा विकत घ्यावा लागला. युबीसॉफ्टनं 35 तासांच्या आसपास खेळ सांगितला होता, पण तो कोपरान् कोपरा धुंडाळला तर. त्यासाठी पॉवर, म्हणजे पात्राची एकूण ताकद, 340 असावी अशी शिफारस आहे. कमी असेल तर गेम तात्पुरती वाढवून देतो. मूळ गेम हवाच, मात्र संपवलेला असण्याची गरज नाही. गॉड ऑफ वॉरचं उलट. ‘वल्हाला’ला पैसे पडत नाहीत, मुख्य मेन्यूतून ते थेट सुरू होतं, मूळ गेम अर्धवट असला तरी. तसं कृपा करून करू नका; आत गेल्या गेल्या शेवट कळतो. प्लेस्टेशन नसेल तर सप्टेंबर 2024च्या पीसी आवृत्तीत ते आलेलंच आहे. एक्सबॉक्सवाल्यांना मात्र दोन्हींतलं फक्त युबीसॉफ्टचंच मिळेल.

मला निवडायला सांगितलं तर सांता मोनिकाचं ‘वल्हाला’, बिनदिक्कत. अर्थात ज्यांनी ग्रीसमधला क्रेटॉस पाहिलेला नाही, त्यांच्यापर्यंत त्यातलं अर्धंच पोहोचेल. अशांनी स्वार्टाल्फहाइममध्ये भटकावं.

आणि एवढं सगळं नीट लावून झालं की कुणीतरी सांगणार, “वल्हालात एक फुकटचा रोगलाइट आहे.” त्यांना विचारा कुठल्या वल्हालात. कारण ऑगस्ट 2022मध्ये, म्हणजे क्रेटॉसच्या वर्षभर आधीच, युबीसॉफ्टनं ‘द फरगॉटन सागा’ नावाचा फुकटचा रोगलाइट ‘असॅसिन्स क्रीड वल्हाला’त घातला होता. त्यात हावी निफ्लहाइम या मृतांच्या जगात जातो, मरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.