बहुपदींची बेरीज व वजाबाकी

बहुपदींची बेरीज व वजाबाकी ही प्राथमिक बीजगणितातील क्रिया असून तीत दोन किंवा अधिक बहुपदींमधील (म्हणजे ४क्ष³ − २क्ष² + ७ यांसारख्या, पदांच्या बेरीज-वजाबाकीने बनलेल्या राशींमधील) सरूप पदे एकत्र करून नवी बहुपदी मिळवली जाते. ज्या पदांमध्ये चले तीच असतात आणि प्रत्येक चलाचा घातांकही तोच असतो, त्यांना सरूप किंवा सजातीय पदे म्हणतात. उदाहरणार्थ, ३क्ष²य आणि −७क्ष²य ही पदे सरूप आहेत, पण ३क्ष²य आणि ३क्षय² ही नाहीत. बेरीज-वजाबाकी फक्त सहगुणकांची, म्हणजे चलांना गुणणाऱ्या संख्यांची होते, चले आणि घातांक जसेच्या तसे राहतात.

या नियमाचा आधार वितरणाचा गुणधर्म आहे: ३क्ष² + ५क्ष² = (३ + ५)क्ष² = ८क्ष². ३क्ष² + ५क्ष या राशीत मात्र असा सामाईक घटक काढून एकच पद उरत नाही. क्षची किंमत १ असता तिचे मूल्य ८ येते, म्हणून ८क्ष², ८क्ष³ अशी उत्तरे बरोबर वाटू शकतात; परंतु क्ष = २ घेताच मूळ राशी २२ होते, तर ८क्ष² चे मूल्य ३२ आणि ८क्ष³ चे ६४ येते. अक्षर म्हणजे एखादी वस्तू, असे सांगून सरूप पदे शिकवण्याची पद्धत सोपी असली तरी ती मूळ मुद्दाच झाकते, कारण अक्षर येथे संख्येच्या जागी असते आणि बहुपदींची समानता त्या संख्येच्या प्रत्येक किमतीला खरी ठरावी लागते.

वजाबाकी म्हणजे विरुद्ध बहुपदी मिळवणे. वजा करायच्या बहुपदीतील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलावे लागते. केवळ पहिल्याच पदाचे चिन्ह बदलणे ही विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक असते. समजा, (४क्ष³ − २क्ष² + ७) मधून (४क्ष³ + ५क्ष² − ३क्ष + १) वजा करायचे आहेत. कंस सोडवल्यावर ४क्ष³ − २क्ष² + ७ − ४क्ष³ − ५क्ष² + ३क्ष − १ अशी मांडणी होते आणि −७क्ष² + ३क्ष + ६ हे उत्तर मिळते. येथे घनपदे परस्परांना छेदून गेल्यामुळे कोटी, म्हणजे बहुपदीतील सर्वांत मोठा घातांक, ३ वरून २ वर आली. बेरीज-वजाबाकीत कोटी अशी घटू शकते, पण दिलेल्या बहुपदींच्या सर्वांत मोठ्या कोटीपेक्षा ती कधीच वाढत नाही. सहगुणक रूपात, म्हणजे मोठ्या घातांकापासून क्रमाने फक्त सहगुणक घेऊन, हेच उदाहरण (४, −२, ०, ७) आणि (४, ५, −३, १) असे एकाखाली एक लिहितात. नसलेल्या पदाच्या जागी शून्य मांडले नाही तर पुढचे सगळे स्तंभ सरकतात.

या उभ्या मांडणीचे दशमान संख्यांशी नाते जवळचे आहे. ३क्ष² + ७क्ष + ५ आणि २क्ष² + ६क्ष + ८ यांची बेरीज ५क्ष² + १३क्ष + १३ येते; क्ष = १० ठेवल्यास हीच ३७५ + २६८ = ६४३ ही बेरीज होते. फरक एवढाच की बहुपदीत हातचा नसतो, कारण क्षची किंमत ठरलेली नसल्याने १३क्ष मधून एक क्ष² बाहेर काढता येत नाही.

समान घातांकांच्या अव्यक्त (अज्ञात) राशींची बेरीज-वजाबाकी करावी आणि असमान राशी वेगळ्या ठेवाव्यात, हा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात दिला आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातील ग्रंथातही तो येतो. तेथे पहिल्या अव्यक्तासाठी ‘या’, त्याच्या वर्गासाठी ‘याव’, स्थिरपदासाठी ‘रू’ अशी आद्याक्षरे वापरली असून ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब दिले जाई. त्याआधी नवव्या शतकात ब्रह्मगुप्ताचा टीकाकार पृथूदकस्वामी याने आज आपण १०क्ष − ८ = क्ष² + १ असे लिहू ते समीकरण दोन ओळींत, एकाखाली एक मांडले होते: वर ‘याव ० या १० रू ८’ (आठावर टिंब) आणि खाली ‘याव १ या ० रू १’. नसलेल्या पदांची शून्ये त्यात लिहिलेली असल्यामुळे सरूप पदे आपोआप एकाच स्तंभात येतात आणि एक बाजू दुसरीतून थेट वजा करता येते.